उचलून न्यायची गाडी

सुट्टी तोंडावर आली की नाशिकमधल्या तरुण आईबापांचा एक नवा अभ्यासक्रम सुरू होतो. विषय: प्रवासासाठी घडीची, हलकी बाबागाडी. गंगापूर रोडच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी खाली उतरा. बाकावरची मंडळी 'फाइव्ह पॉइंट हार्नेस', 'वन हँड फोल्ड', 'रिक्लाइन किती' असल्या भाषेत बोलताना ऐकू येतील. फ्लॅट घेताना ज्यांनी कार्पेट आणि बिल्टअपमधला फरक विचारला नव्हता, ती माणसं बाबागाडीच्या पुढच्या चाकाचा व्यास तोंडपाठ सांगतात. लग्न जमवताना इतकी चौकशी झाली असती, तर निम्म्या पत्रिका परत गेल्या असत्या.

अभ्यासाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती प्रश्नपत्रिकेला. सगळे विचारतात, ही गाडी चालते कशी? अहो, नाशकात राहून हे विचारता? आपल्याकडे विचारायचा प्रश्न एकच: ही उचलायची कशी?

हिशेब करू. दोन वर्षांचं धडधाकट मूल साधारण बारा किलोंचं. 'हलकी' म्हणून विकतात त्यातल्या बहुतेक बाबागाड्या पाच ते सात किलोंच्या. डायपर, दूध, पाणी, बदलायचे कपडे आणि निघता निघता आजीनं कोंबलेला लाडवांचा डबा, अशी पिशवी तीन-चार किलोंची. बेरीज वीस ते तेवीस. खोक्यावर ठळक छापलेलं असतं, 'वहनक्षमता १५ किलो'. ती गाडीची. आईच्या मनगटाची क्षमता कुणी छापत नाही. ती दुकानाबाहेर पडल्यावर आपली आपण तपासायची असते.

मुळात ही गाडी माणसानं ढकलायची नव्हतीच. इंग्लंडात १७३३च्या सुमारास विल्यम केंट नावाच्या वास्तुकारानं ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. तिला बकरी नाहीतर शिंगरू जुंपायचं. पुढं बकरी सुटली आणि आई जुंपली गेली. घडीच्या गाडीसाठी मात्र १९६५ साल उजाडावं लागलं. ओवेन मॅक्लारेन नावाचा निवृत्त विमान-अभियंता होता. स्पिटफायर विमानाची चाकं उड्डाणानंतर पोटात कशी घ्यायची, यावर त्यानं काम केलेलं. मुलगी नातवंडाला घेऊन परदेशातून आली, तेव्हा तिची अवजड गाडी ओढताना होणारे हाल त्यानं पाहिले आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीगत मिटणारी गाडी बनवली. वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलो.

आता गंमत बघा. त्याच्या एक वर्ष आधी, १९६४ साली, आपल्या ओझरला मिग विमानांच्या कारखान्याची सुरुवात झाली होती. तेव्हापासून मिग झाले, सुखोई झाले, ऑक्टोबर २०२५ मध्ये इथं बनलेलं तेजसही उडालं. विमानाची चाकं पोटात घ्यायचं काम आपल्या जिल्ह्यात साठ वर्षं चाललंय. पण ओझरहून निवृत्त झालेल्या एकाही आजोबांना नातवासाठी गाडी मिटवावीशी वाटली नाही. उलट, सुनेनं मागवलेली गाडी उघडत नाही म्हणून तेच आजोबा यूट्यूब लावून बसतात.

आणि साठ वर्षांत प्रगती काय झाली? पावणेतीन किलोंचे सहा किलो झाले. कपासाठी खाच, मोबाइलसाठी स्टँड, डोक्यावर छत, छताला खिडकी, खिडकीला झडप. मुलाला यातलं काही नको असतं. त्याला गाडीतून उतरायचं असतं.

नाशिकच्या रस्त्यांवर खरोखर टिकेल अशी एक बाबागाडी आहे, नाही असं नाही. ती सातपूरला बनते, तिचं नाव थार. घडी तेवढी होत नाही.

पण प्रवासाचं बोलत होतो. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस धरायची आहे समजा. १९७५ सालापासून धावतेय ही गाडी, त्यामुळे आज आजी झालेल्या कित्येक जणी तिनंच पोर कडेवर घेऊन मुंबईला गेलेल्या आहेत. फलाटावर मूल बाबागाडीत बसून समाधानानं कुरमुरे खात असतं. इंजिन दिसलं की पुढचा कार्यक्रम असा: मुलाला उचलायचं, पट्टे लावलेलेच आहेत हे त्याच्याबरोबर गाडीही वर आल्यावर लक्षात येतं, पट्टे सोडवायचे, खालच्या जाळीतली बाटली काढायची कारण ती काढल्याशिवाय घडी होत नाही, घडी करायची आणि मग डब्याच्या पायऱ्या चढायच्या. हे सगळं एका हातानं, कारण दुसऱ्यात मूल. नवरा? तो जागा धरायला पुढं गेलेला असतो.

म्हणून 'एका हातानं घडी' हा जाहिरातीतला एकच मुद्दा मी गंभीरपणे घेतो. दुकानात ती घडी करून दाखवणारा मुलगा विशीतला, अविवाहित आणि दोन्ही हात मोकळे असलेला असतो. तो 'क्लिक' करतो आणि गाडी मिटते. त्याला म्हणावं, बाळा, त्या शेजारच्या किराणा दुकानातून दहा किलो तांदळाची पिशवी आण, डाव्या हातात धर, आणि आता मीट. तरीही मिटली तर पाकिटाला हात घालायचा. मिटल्यावर ती आपली आपण उभी राहते का, हेही बघायचं. आडवी पडणारी गाडी नाशिकरोडच्या फलाटावर कशावर पडेल, याचं वर्णन सकाळच्या चहाबरोबर वाचायला बरं नाही. आणि खांद्याला अडकवायचा पट्टा हवाच. चाकं, रंग, छत यांच्या आधी तो पट्टा बघा.

रेल्वेनंही मधे बाळांचा विचार केला होता. मे २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात दोन बर्थना बाळासाठी छोटा जोडबर्थ लावून प्रयोग झाला, फोटो सगळीकडे फिरले. आपल्या पंचवटीला बर्थच नाहीत, त्यामुळे आपण त्या सुखाला आणि त्यावरच्या चर्चेला दोन्हीला मुकलो.

एसटीचं गणित वेगळंच आहे. पाच वर्षांखालचं मूल फुकट. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा ऑगस्ट २०२२ पासून फुकट. आई मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटात. एवढं कुटुंब चढल्यावर वाहक हताश होऊन शेवटची आशा म्हणून बाबागाडीकडे बघतो. "हिचं काय?" हिचं म्हणजे हिला कुठं ठेवायचं, की हिचं लगेज फाडायचं, ते त्यालाही ठरवता येत नाही. तोवर मागून कुणीतरी ओरडतं, "ओ ताई, पाळणा वर टाका ना भो!" आणि गाडी ड्रायव्हरच्या मागं, स्टेपनी आणि पार्सलच्या खोक्यांमध्ये जाऊन बसते. सिन्नर फाटा येईपर्यंत तिचं एक चाक वाकडं झालेलं असतं.

स्वतःची मोटार असणाऱ्यांना वाटतं आपण सुटलो. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडला, कसारा घाटातली रांग टळली, मुंबई जवळ आली. सगळं खरं. आता डिकी उघडा. आत सीएनजीची टाकी बसलेली आहे. टाकीच्या वर जी वीतभर जागा उरते, तिच्यात बसेल ती बाबागाडी आपली. दुकानात जाताना मोजपट्टी न्या, पण मोजायची डिकी, गाडी नंतर.

विमानाची कथा जरा तपशिलात सांगतो, कारण फसवणूक सगळ्यात गोड भाषेत तिथं होते. 'केबिन साइज' असं लिहिलेलं असलं की किंमत दुप्पट. कुणाच्या केबिनचं साइज? परदेशात केबिनच्या बॅगेचं सर्वसाधारण माप ५६ × ४५ × २५ सेंटिमीटर धरतात. यो-यो नावाची जी फ्रेंच गाडी २०१२ च्या सुमारास आली आणि जिच्यामुळे हे सगळं वेड सुरू झालं, ती मिटल्यावर साधारण ५२ × ४४ × १८ होते. तिकडे ती ऐटीत बसते. आपल्याकडं देशातल्या विमानांत नेहमीचं माप ५५ × ३५ × २५ आणि वजन सात किलो. आता बेरीज करा. नियमाची ११५, गाडीची ११४. बेरजेत पास, रुंदीत नापास. निकाल काउंटरवरच्या ताईंच्या त्या सकाळच्या मूडवर. त्यातून ओझरहून कधी पंख्यांचं छोटं एटीआर विमान मिळालं, तर त्याचे वरचे कप्पे इतके लहान की त्यात शबनम पिशवीसुद्धा संकोचून बसते.

म्हणून शहाण्यानं केबिनचा नाद सोडावा. विमानाच्या दारापर्यंत मुलाला गाडीतून न्यायचं आणि तिथं ती कर्मचाऱ्यांच्या हवाली करायची, ही सोय बहुतेक कंपन्या देतात. तिकीट काढतानाच विचारायचं, आणि आणखी एक विचारायचं: उतरल्यावर ती दारात मिळणार की सामानाच्या पट्ट्यावर? पट्ट्यावर असेल तर मुंबई विमानतळाचं ते अंतर बारा किलोंसकट चालायची तयारी ठेवा. गाडीला पिशवी घाला, नावाची चिठ्ठी लावा. दुधाच्या बाटलीवर नाव घालणारी माणसं पंधरा हजारांच्या गाडीवर घालत नाहीत.

आता गावात या. इंडियन रोड्स काँग्रेसची पदपथांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पदपथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको, चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर, चढायला बारास एक असा उतार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चालण्याजोगा पदपथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. हे सगळं वाचून बाबागाडी घेऊन शालिमारहून मेनरोडकडे निघा. पदपथावर क्रमानं भेटतील: उभ्या केलेल्या दुचाक्या, महावितरणची पेटी, रसवंतीचं गुऱ्हाळ, एक झाड, झाडाला टेकलेले काका. उंची इतकी की चढवताना गाडी उचलायची, आणि पुढच्या गाळ्याशी पदपथ संपतो म्हणून लगेच उतरवताना पुन्हा उचलायची. व्यायामशाळेत यासाठी पैसे घेतात.

अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा 'स्मार्ट रोड' होत असताना जन्मलेली बाळं, तो उघडेपर्यंत स्वतःच्या पायांनी चालायला लागली होती. त्यामुळे त्यांच्यापुरता प्रश्न निकालात निघाला. प्रशासनाची ही पद्धत मला आवडते: लाभार्थी मोठा होईपर्यंत थांबायचं.

हसण्यावारी नेतोय खरा. पण बाबागाडीवाल्यांचा हा वनवास दोन-तीन वर्षांचा असतो. व्हीलचेअरवर बसणाऱ्या माणसाचा आयुष्यभराचा, आणि उतार दोघांना तोच लागतो.

बाबागाडी खरोखर ढकलता येते, म्हणजे एका हातात आइस्क्रीम धरून, ती जागा देवळाली कॅम्प. छावणीचे रस्ते सरळ, सावलीचे, आणि तिथं पदपथावर गुऱ्हाळ टाकायची कुणाची छाती नाही. गोल्फ क्लब मैदानाचा जॉगिंग ट्रॅकही चालेल, सकाळी लौकर. बाकी पांडवलेणीला नेऊ नका, पायऱ्या आहेत. रामकुंडावर नेऊ नका, पायऱ्या आहेत आणि त्या ओल्या आहेत. सप्तशृंगीला पाचशेच्या वर पायऱ्या, पण तिथं २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. थोडक्यात, जिल्ह्यात चाकांचा विचार झाला तो गडावर. खाली अजून चालू आहे.

एवढं ऐकल्यावर घरातली आजी बोलतेच. तिचं म्हणणं असं: "अगं, सहा किलोंचं लोखंड तूच उचलणार, बारा किलोंचं पोर पण तूच उचलणार. मग गाडीत बसतंय कोण?"

उत्तर रविवार कारंजावर मिळतं. मूल बापाच्या खांद्यावर बसून केस ओढतंय, आणि बाबागाडीत दोन जुड्या मेथी, किलोभर वांगी, कांदे, एक झाडू. भाजीला पट्टेही लावलेले. एरवी मुलाला कधी न लावलेले पट्टे. गाडीचा हा उपयोग मला मान्य आहे, फक्त एक सूचना: मूल आत असताना दांड्याला पिशव्या अडकवू नका. हलकी गाडी म्हणजे मागं पटकन उलटणारी गाडी. मूल उतरवलं की कांद्यांच्या वजनानं ती आकाशाकडे तोंड करते, आणि मूल आतच असलं तर तेही करतं.

सूचना सुरू झाल्याच आहेत तर राहिलेल्याही उरकतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आधाराशिवाय नीट बसता येत नाही. त्याला पूर्ण सपाट होणारी गाडी लागते, आणि प्रवासाच्या बहुतेक चिमुकल्या गाड्या तेवढ्या सपाट होत नाहीत. खोक्यावरचं हसरं बाळ किती महिन्यांचं आहे ते बघून ठरवू नका. गाडी उघडताना-मिटताना सांध्यांपाशी मुलाची बोटं नकोत. २००९ साली खुद्द मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत दहा लाखांच्या आसपास गाड्यांसाठी बिजागरीला आवरण द्यावं लागलं होतं, कारण मुलांच्या बोटांची टोकं कापली गेली होती. आणि वैशाखात ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटं पांघरता ना, ते काढा. आत वारा लागत नाही, गरम हवा कोंडते. सावलीत चाला. सावली नसेल तर घरी बसा. नाशिक थंड हवेचं गाव आहे ही बातमी आता जुनी झाली.

चाकांचा वाद राहिला. लहान चाकं घेतली तर गाडी हलकी, पण पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकते आणि मूल आपलं पुढं निघतं. मोठी घेतली तर खड्डा ओलांडते, पण डिकीत मावत नाही. माझं मत लहान चाकांच्या बाजूनं आहे. कारण मोठ्या चाकांनासुद्धा आपण उचलूनच नेणार असू, तर जास्त वजन कशाला?

रस्त्यातल्या लोकांसाठी मात्र कंपन्यांनी काही सोय केलेली नाही. मूल दीड-दोन वर्षांचं दिसलं की कुणीतरी मावशी थांबतात, कळवळून विचारतात, "याला चालता येत नाही का गं?" आई म्हणते, येतं की, मावशी. मावशींचा विश्वास बसत नाही. त्या मुलाच्या पायाला हात लावून बघतात, एका चांगल्या डॉक्टरांचं नाव सांगतात आणि तेल कुठलं लावायचं तेही. तेवढ्यात मूल पट्ट्यातून निसटतं आणि पळतं. मावशींना तेलाचा गुण आल्यासारखं वाटतं.

आणि सिंहस्थ येतोय. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ला पहिलं अमृतस्नान. परगावचे, परदेशातले नातेवाईक आत्तापासून विचारतायत, "येताना बाबागाडी आणू ना?" पर्वणीच्या दिवशी तर मुळीच नाही. २००३ साली पंचवटीच्या उतारावर झालेली चेंगराचेंगरी ज्यांना आठवते, त्यांना कारण सांगावं लागणार नाही. गर्दीत गाडी मिटवायला थांबलेली आई हा स्वतःला आणि मागच्यांना, दोघांना धोका. त्या दिवशी मूल पोटाशी बांधायचं. आजीच्या साडीची झोळी चालेल, तिचीच बकलं लावलेली आणि चार हजारांना मिळणारी नवी आवृत्तीही चालेल. कुंभाच्या आराखड्यात घाट आहेत, पूल आहेत, वाहनतळ आहेत. कुणाची वट असेल तर त्यात चार ठिकाणी बारास एकचा उतार तेवढा घालून घ्या.

तोवर खरेदी करणाऱ्यांनी एवढं करावं. मूल घरी ठेवून दुकानात जाऊ नये, मुलासकट जावं. गाडी उघडायला लावावी, मुलाला बसवावं, पट्टे लावावेत. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर ती एका बोटानं ढकलली जाते, त्याला भुलू नये. विक्रेत्याला सांगावं, जरा बाहेर रस्त्यावर एक चक्कर मारून बघतो.

कॉलेज रोडवरच्या एका दुकानात एका बाईंनी हे केलंही. काउंटरवरचे शेठ लगबगीनं उठून दारात आले.

"नका ताई, बाहेर नका नेऊ. नवा पीस आहे, चाकं खराब होतील."